वाचनालयाच्या सभागृहात फोटोंचं प्रदर्शन: पहिल्या अर्जापासून शेवटची सुतळी सोडेपर्यंत

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी कलादालन नाही. सार्वजनिक वाचनालय आहे, नगरपंचायतीचं सभागृह आहे, आजूबाजूच्या गावांत समाजमंदिरं आहेत. एवढ्या जागांवर मी आतापर्यंत तीन प्रदर्शनं लावली. पहिलं कापूस वेचणीचं, दुसरं लोकांच्या घरातल्या जुन्या अल्बममधल्या फोटोंचं आणि तिसरं पोळ्याचं. पहिल्या वेळी विचारायला कोणीच नव्हतं. अर्ज कोणाच्या नावे लिहायचा, प्रिंट कुठल्या मापाची काढायची, चुन्याच्या भिंतीवर फोटो टिकवायचा कसा, हे सगळं चुकत चुकत कळलं. तुमच्याकडे कॅमेरा किंवा बरा मोबाईल असेल, गावाचे चांगले फोटो साठले असतील आणि ते भिंतीवर लावून लोकांना दाखवायची इच्छा असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

१. आधी बघणारा ठरवा

मोठ्या शहरातल्या दालनात फोटोतला माणूस आणि फोटोसमोर उभा असलेला माणूस सहसा एकमेकांना ओळखत नाहीत. आपल्याकडे तो माणूस स्वतःच बघायला येतो. सोबत सुनेला, नातवाला घेऊन येतो. वेचणीच्या प्रदर्शनात एक मावशी दारातूनच विचारत आल्या, "माहा फोटो कोठी हाय व?" तेव्हापासून जागा, वेळ, फोटोची उंची, खालची अक्षरं असं काहीही ठरवताना मी त्या मावशींना डोळ्यांसमोर ठेवते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

२. जागा

पहिल्यांदा सार्वजनिक वाचनालयात जा. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे दर्जे असतात आणि त्यांना शासनाचं अनुदान मिळतं. वाचनालयात कार्यक्रम झालेले पदाधिकाऱ्यांनाही हवेच असतात, त्यामुळे बोलणं सोपं जातं. तिथं जमलं नाही तर नगरपंचायत किंवा ग्रामपंचायतीचं सभागृह, समाजमंदिर, जिल्हा परिषदेची शाळा.

जागा बघायला जाल तेव्हा मोजपट्टी न्या, आणि प्रदर्शन ज्या वेळी उघडं राहणार त्याच वेळी जा. सकाळी प्रसन्न वाटणारा हॉल संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाने असा उजळतो की अर्धी भिंत वाया जाते. भिंतीला ओल आहे का, हे हात लावून बघा. पंखे, प्लगपॉइंट मोजा. संडासाची आणि पिण्याच्या पाण्याची सोय आहे का ते विचारा.

जिन्याचा विचार मी पहिल्या वेळी केलाच नव्हता. सभागृह वरच्या मजल्यावर होतं. गुडघे दुखणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या बाया खाली ओसरीवर बसून राहिल्या, आणि फोटो तर त्यांचेच होते. दुसऱ्या दिवशी मी दहा फोटो उतरवून खाली आणले आणि ओसरीच्या खांबांना बांधले. तेव्हापासून तळमजला नसेल तर मी जागा घेत नाही, मग ती कितीही देखणी असो.

३. अर्ज आणि कागदपत्रं

वाचनालयासाठी अर्ज अध्यक्ष किंवा कार्यवाह यांच्या नावे, नगरपंचायतीसाठी मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, ग्रामपंचायतीसाठी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) दोघांच्या नावे, शाळेसाठी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या नावे लिहा. अर्ज एका पानाचा पुरे. त्यात विषय, दिवस, उघडण्या-मिटण्याची वेळ, फोटोंची संख्या, प्रवेश मोफत असल्याचा उल्लेख आणि भिंतीला खिळे मारणार नसल्याचं आश्वासन असावं. हे शेवटचं वाक्य वाचून बरेच जण नरम येतात.

सोबत ठेवा:

- अर्जाच्या दोन प्रती (एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती घरी आणायची)
- आधार कार्डची झेरॉक्स
- पाच-सहा फोटोंच्या लहान प्रिंट, म्हणजे विषय काय ते दिसेल
- फोटोतल्या माणसांच्या लेखी संमती
- भाडं आणि अनामत भरल्याच्या पावत्या
- उद्घाटनाला माइक लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी

संस्थांच्या कार्यकारिणीची बैठक बहुधा महिन्यातून एकदा होते आणि तुमचा अर्ज त्या बैठकीत मांडला जातो. म्हणून किमान दोन महिने आधी अर्ज द्या.

तोंडी होकारावर विसंबू नका. दुसऱ्या प्रदर्शनाच्या वेळी एका ठिकाणी "या ना, हॉल तुमचाच समजा" असं मला सांगितलं होतं. सकाळी फोटो घेऊन पोचले तर आत दुसऱ्याच कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडल्या जात होत्या. माझ्याकडे कागद नव्हता, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. आता तारीख लिहिलेलं पत्र हातात पडेपर्यंत मी प्रिंट टाकत नाही.

दुसरी अडचण आचारसंहितेची. निवडणूक जाहीर झाली की शासकीय सभागृहं अडकतात आणि पदाधिकाऱ्यांच्या हस्ते उद्घाटन करता येत नाही. अर्ज देतानाच याची चौकशी करा.

४. तारीख

नवीन छायाचित्रकाराला १९ ऑगस्टचा मोह पडतो. १८३९ मध्ये त्या दिवशी फ्रान्स सरकारने फोटो काढण्याची कृती जगासाठी खुली केली आणि म्हणून हा जागतिक छायाचित्रण दिन. दिवस मोठाच, पण आपल्याकडे तेव्हा निंदण, डवरणी, फवारणी चालू असते, हवेत दमटपणा असतो आणि सनबोर्डावर (फोटोमागे लावायच्या हलक्या फोमच्या पाटीवर) चिकटवलेला कागद कडेने सुटतो. त्या दिवशी शाळेत मुलांशी बोला, प्रदर्शन मात्र पुढे ढकला.

गावाच्या कामाचं गणित बघा. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची घाई. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाचा पहिला वेचा निघतो, मग वेचे चालूच राहतात, मध्येच तूर येते. बाया सकाळी वावरात जातात त्या अंधार पडताना परततात. झाडीपट्टीकडच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, लोकांनी धान कापणी-मळणीचे दिवस टाळावेत. तिकडे दिवाळीनंतर रात्री नाटकांच्या असतात, तेव्हा संध्याकाळची वेळ ठेवताना गावात त्या दिवशी नाटक आहे का तेही विचारावं. मार्चपासून पुढे ऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या सभागृहात दुपारी कोणी पाय ठेवत नाही आणि दुहेरी चिकटपट्टी मेणासारखी सुटते.

माझ्या अनुभवात जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य हे दिवस सर्वांत चांगले. शाळेत लावणार असाल तर दहावी-बारावीच्या परीक्षा सांभाळा. चार दिवस पुरतात, पण त्यात आठवडी बाजाराचा दिवस आलाच पाहिजे. बाजारासाठी आजूबाजूच्या खेड्यांतून लोक येतात आणि परतीच्या एसटीला वेळ असतो. बाजाराच्या दिवशी सकाळी १० पासून आणि बाकीच्या दिवशी संध्याकाळी ५ ते ९ उघडं ठेवा. दुपारी ११ ते ४ उघडं ठेवून रिकाम्या हॉलमध्ये बसणं मी एकदा केलं आहे. मजुरी बुडवून फोटो बघायला कोणी येणार नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये.

५. फोटो निवडणं

तीस फोटो खूप झाले. मोबाईलच्या पडद्यावर निवड करू नका. शंभरेक फोटोंच्या ४ बाय ६ च्या स्वस्त प्रिंट काढा, घरात सतरंजीवर पसरा आणि दोन-तीन दिवस तशाच राहू द्या. येता-जाता नजर पुन्हा पुन्हा कुठे थांबते ते बघा. घरातल्या ज्यांना फोटोतलं काही कळत नाही असं आपण समजतो, त्यांना आवर्जून विचारा.

मग ओळ लावा. वेचणीच्या वेळी मी एका दिवसाची चाल धरली. वेचणी सुरू होण्याआधी पऱ्हाटीला (कापसाच्या झाडाला) दही-भात वाहण्याची सीतादही, मग बंडीतून (बैलगाडीतून) वावरात जाणाऱ्या बाया, वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओटी बांधणं, वेचणं, धुऱ्यावरची शिदोरी, संध्याकाळी काट्यावर होणारं वजन, शेवटी जिनिंगच्या आवारातला पांढरा ढीग. मजुरी किलोवर मिळते, म्हणून काट्याकडे लागलेल्या नजरांचा फोटो मी मुद्दाम शेवटून दुसरा ठेवला. लोक सगळ्यांत जास्त वेळ त्याच फोटोसमोर थांबत होते.

६. संमती

ही पायरी गाळू नका. ओळखीचा माणूस आहे, तो काय म्हणणार, असं वाटतं. पण भिंतीवर सगळ्या गावासमोर लागणं वेगळं. मराठीत चार ओळींचा मजकूर लिहा, समोर बसून मोठ्याने वाचून दाखवा आणि सही किंवा अंगठा घ्या. मूल असेल तर आई-वडिलांची सही. लागणार असलेला फोटोच दाखवा. एका काकूंनी फाटका पदर दिसतो म्हणून नाही म्हटलं. फोटो माझ्या मते सर्वांत चांगला होता, तरी काढला. त्यांचा शब्द शेवटचा.

आत्महत्या झालेल्या घरांचे, रडणाऱ्या माणसांचे फोटो आपल्या भागात बाहेरून आलेले लोक खूप काढून नेतात. तुम्ही त्याच गावात राहणार आहात. अशा घरात आधी कॅमेरा न घेता जा. पुढे त्या घरानेच फोटो लावायला सांगितलं तरच लावा.

जुन्या अल्बमचे फोटो लावणार असाल तर घरच्यांच्या परवानगीसोबत फोटो कोणत्या स्टुडिओने काढला तेही विचारा. प्रकाशित छायाचित्रावर हक्क ६० वर्षं राहतो, तेव्हा मालक हयात असतील तर जाऊन भेटावं आणि फोटोखाली स्टुडिओचं नाव द्यावं. मूळ फोटो घरी न्यायला मागू नका, त्यांच्या ओसरीवर बसूनच स्कॅन करा. ४ बाय ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात आणि १२ बाय १८ ची प्रिंट २०० डीपीआयने बरी येते.

जंगलाच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी एकच सांगणं: पक्ष्यांच्या घरट्यांचे फोटो लावू नका, आणि दुर्मिळ प्राण्याच्या फोटोखाली नेमकी जागा लिहू नका.

७. प्रिंट

इथे पैसे जातात आणि चुकाही इथेच होतात.

माप: १२ बाय १८ इंच हे बहुतेक लॅबमध्ये सहज मिळणारं माप. तीन-चार फोटो २० बाय ३० चे ठेवा, बाकी सगळे १२ बाय १८.

कापणी: मोबाईलचा फोटो ४ः३ प्रमाणात असतो आणि १२ बाय १८ चा कागद ३ः२. म्हणजे १२ मेगापिक्सेलच्या ४००० बाय ३००० फोटोतली ३३३ पिक्सेलची पट्टी, नवव्या भागाइतकी, कापली जाणारच. कुठून कापायची हे तुम्ही ठरवलं नाही तर लॅबचं मशीन ठरवतं. माझ्या पहिल्या खेपेत डोक्यावर कापसाचं गाठोडं घेतलेल्या बाईचं गाठोडंच वरून उडालं होतं. त्या फोटोत बघण्यासारखं तेच होतं. स्वतः कापून द्या, किंवा पांढरी कड ठेवून अख्खा फोटो छापायला सांगा.

फाईल: व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेली फाईल लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलची होते. १८ इंचांवर ती ९० डीपीआयसुद्धा भरत नाही आणि चेहरे पाण्यात पाहिल्यासारखे दिसतात. पेनड्राइव्हने द्या, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. रंगांसाठी एसआरजीबी (sRGB) ही नेहमीची रंगपद्धत ठेवा.

उजेड: मोबाईलचा पडदा आतून उजळलेला असतो, कागद नसतो. आपल्याकडचं ऊन कडक, वर डोक्यावर पदर, त्यामुळे सावलीतला चेहरा प्रिंटमध्ये काळा पडतो. सावलीचा भाग थोडा उजळून घ्या आणि सर्वांत अंधाऱ्या तीन फोटोंची लहान प्रिंट आधी काढून बघा. सगळी ऑर्डर त्यानंतर.

लॅमिनेशन मॅट घ्या. चकचकीत लॅमिनेशनमध्ये समोरची ट्यूबलाइट दिसते आणि बघणारा मान वाकडी करत फिरतो. मागे ५ मिलिमीटरचा सनबोर्ड लावा, ३ मिलिमीटरचा उन्हाळ्याच्या तोंडावर वाकतो. काचेच्या फ्रेमच्या भानगडीत पडू नका, महाग पडतात आणि बंडीत फुटतात.

८. लावणं

साहित्य: मोजपट्टी, खडू, सुतळी, तंगूस (नायलॉनचा बारीक दोरा), बाइंडर क्लिप, एस आकाराचे हुक, कात्री, पाणसळ, एक शिडी आणि दोन माणसं.

चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर चिकटपट्टी धरत नाही, धरली तर रंग घेऊन निघते. मंडपाचं सामान देणाऱ्या बिछायत केंद्रातून लोखंडी पाइप आणि साधं पांढरं किंवा राखाडी कापड भाड्याने आणा. झालरीचं, लाल-पिवळं कापड नको म्हणून सांगा, नाहीतर ते लग्नाचंच देतील. कापडापुढे आडव्या पाइपवरून प्रत्येक फोटोला दोन तंगूस सोडा. एका तंगुसावर लटकलेला फोटो पंख्याच्या वाऱ्याने फिरतो.

हिशेब आधी कागदावर करा. २० फुटांची भिंत म्हणजे २४० इंच. आडवे आठ फोटो १४४ इंच, मधल्या सात फटी ९ इंचांच्या धरल्या तर ६३, एकूण २०७. उरलेले ३३ इंच दोन टोकांना वाटून द्या. नववा फोटो कोंबायचा मोह होतो, तो आवरा.

उंचीचा दालनांमधला संकेत असा की फोटोचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर यावा. मी ५२ वर आणला. आमच्याकडे बघायला येणाऱ्यांत शाळेची पोरं आणि कमरेत वाकलेल्या आज्या जास्त. हॉलच्या मधोमध दोन बाकंही ठेवा.

उजेडासाठी हॅलोजन घेऊ नका, तापतो आणि कागद वाकवतो. एकाच रंगाचे एलईडी बल्ब सगळीकडे लावा. पिवळे आणि पांढरे मिसळले तर एकाच बाईचा चेहरा दोन फोटोंत दोन रंगांचा दिसतो. वीज जाणार हे धरून चार रिचार्जेबल बल्ब भरून ठेवा.

९. फोटोखालची अक्षरं

अक्षरं मोठी हवीत, हातभरावरून चष्म्याशिवाय वाचता येतील एवढी. नाव (संमती असेल तर), गाव, काम. शब्द गावातलेच ठेवा. पऱ्हाटीला कापसाचं रोप आणि धुऱ्याला बांध लिहून लोकांना त्यांच्याच वावरात परकं करू नका. आडनावं ज्यांची त्यांच्याकडून तपासून घ्या.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी आठवीतल्या दोन मुली बसवल्या. "पोरी, मले दिसत नाई, वाचून सांग बरं," असं म्हणून एकेक आजी पूर्ण फेरी मारायची, आणि फेरी संपेपर्यंत मुलींना माझ्याही माहितीत नसलेल्या गोष्टी कळलेल्या असायच्या.

१०. बोलावणं आणि उद्घाटन

छापील पत्रिकेवर फार खर्च नको. ग्रामपंचायतीच्या घंटागाडीच्या भोंग्यावरून दोन दिवस घोषणा, बाजारात दोन फलक, गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो. तुकडोजी महाराजांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना जिथे होते तिथे प्रार्थनेनंतर दोन मिनिटं बोलायची परवानगी मागा. फोटोतल्या माणसांच्या घरी मात्र स्वतः जा. वर्तमानपत्रांच्या तालुका प्रतिनिधींना १५० शब्दांची बातमी आणि एक चांगला फोटो तयार करून द्या.

उद्घाटन मी सर्वांत वयस्क वेचणाऱ्या बाईच्या हातून केलं. भाषणं वीस मिनिटांत आटोपली.

११. प्रदर्शनाचे दिवस

स्वतः हजर राहा. नोंदवही ठेवा, पण "अभिप्राय लिहा" म्हणून कोणाच्या हातात पेन खुपसू नका. लिहिता न येणारा माणूस अवघडतो. तो बोलेल ते तुम्ही लिहून घ्या. एका फोटोखाली मी "पहिला वेचा" लिहिलं होतं. एक आजी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा पहिला नाई व माय, पानं पाय ना, सारी गळली. तिसरा हाय." बरोबर होतं. त्याच संध्याकाळी खाली पेनने दुरुस्ती केली आणि कोणी सुचवली तेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्या आजी आपल्या लेकीला ते दाखवायला घेऊन आल्या.

१२. पुढे नागपूर

तालुक्याला एकदा जमलं की नागपूरला सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या कलादालनात चौकशी करा. भाडं, दिवस, नियम प्रत्यक्ष जाऊन विचारलेले बरे. मुंबईत काळा घोड्याजवळचं १९५२ पासूनचं जहांगीर कलादालन ही फार पुढची गोष्ट. तिथे आधी काम निवडीसाठी द्यावं लागतं आणि तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. दोन्हीकडे तालुक्याच्या प्रदर्शनाचे लावलेल्या भिंतींसकट काढलेले फोटो आणि बातमीचं कात्रण उपयोगी पडतं, म्हणून प्रदर्शन चालू असतानाच ते जमवा.

१३. उतरवणं

शेवटच्या रात्रीच उतरवा, सकाळवर ठेवू नका. दोन फोटो तोंडाला तोंड लावून मध्ये वर्तमानपत्र घाला आणि सुतळीने बांधा. हॉल झाडून घ्या, पाइप-कापड मोजून परत करा, पदाधिकाऱ्यांना भिंती दाखवा आणि अनामत तिथेच मागा, नाहीतर ती विसरली जाते.

मग फोटो ज्याचे त्याला द्या. मी १२ बाय १८ च्या प्रिंट घरोघरी पोचवल्या, स्वतःकडे फाईल ठेवली. एका घरात जास्त जणी फोटोत असतील तर लहान प्रिंट वेगळ्या काढून न्या, एकीलाच दिली तर दुसरीला वाईट वाटतं. मागे काळ्या पेनने नाव, गाव आणि साल लिहा. भिंतीवर टांगायला हुक आणि दोरा सोबत असू द्या. बऱ्याच घरांत तो नसतो आणि फोटो पेटीत जातो.